पोटातल्या हृदयाचा प्रतिध्वनी

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिध्वनीचे एक ठरावीक गणित असते. कड्यासमोर उभा असलेला माणूस टाळी वाजवतो. एका सेकंदाने प्रतिध्वनी ऐकू येतो, तर कडा किती दूर? ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर आवाज जाऊन-येऊन ३४० मीटर चालला, म्हणून कडा १७० मीटरवर. दोनाने भागायला विसरलेल्या मुलांचे गुण जातात, आणि धडा पुढे सरकतो.

याच गणिताच्या आधारे एका बाळाचा जीव वाचताना मी पाहिला आहे.

माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला पाचवा महिना चालू असताना एका संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, तालुक्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी बाळाच्या हृदयापाशी फार वेळ लावला. चार कप्पे बरोबर आहेत म्हणाले, पण वरच्या दोन नळ्या एकमेकींना ओलांडत नाहीत, समांतर जातात असं वाटतंय म्हणाले. मोठ्या गावी जाऊन हृदयाची वेगळी सोनोग्राफी करायला सांगितलंय. नळ्या समांतर असल्या तर काय बिघडतं गं?"

मी डॉक्टर नाही. श्राव्यातीत ध्वनी पदार्थातून कसा जातो, हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यामुळे यंत्र काय करते ते मला ठाऊक होते. पण त्यात दिसते त्याचा अर्थ काय, हे मी तिच्याबरोबर त्या तपासणीला गेले तेव्हा शिकले. तिच्या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत जाताना जे समजले ते येथे मांडते आहे.

ऐकू न येणारी टाळी

आपला कान साधारण २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ एवढ्या वारंवारतेचा ध्वनी ऐकतो. त्यापलीकडचा ध्वनी तो श्राव्यातीत. सोनोग्राफीत वापरला जाणारा ध्वनी मात्र त्याच्याही कितीतरी पुढचा, साधारण २० लाख ते ७० लाख हर्ट्झ, म्हणजे २ ते ७ मेगाहर्ट्झ असतो. एवढा उंच ध्वनी कशासाठी?

कारण तरंगलांबीत आहे. शरीराच्या मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. १००० हर्ट्झचा, आपल्याला सहज ऐकू येणारा ध्वनी घेतला, तर शरीरात त्याची तरंगलांबी होईल १५४० भागिले १०००, म्हणजे दीड मीटरहून थोडी जास्त. विसाव्या आठवड्यातले गर्भाचे हृदय असते एखाद्या द्राक्षाएवढे, सुमारे दोन सेंटिमीटर. दीड मीटरच्या लाटेला ते जाणवणारच नाही. समुद्राची मोठी लाट पाण्यातल्या खुंटीला वळसा घालून निघून जावी, तसे होईल. वारंवारता ५ मेगाहर्ट्झ केली की तरंगलांबी येते ०.३ मिलिमीटर. आता कागदासारख्या पातळ झडपेकडूनही प्रतिध्वनी मिळू शकतो.

मग वारंवारता आणखी वाढवून अधिक बारीक का पाहू नये? कारण उंच ध्वनी ऊतींमध्ये लवकर शोषला जातो. ठोकताळा असा, की दर सेंटिमीटरला आणि दर मेगाहर्ट्झला सुमारे अर्धा डेसिबल ध्वनी कमी होतो. ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी १० सेंटिमीटर खोल जाऊन परत यायचा, म्हणजे २० सेंटिमीटरचा प्रवास आणि ५० डेसिबलची घट. केवळ शोषणामुळेच तीव्रता एक लाखांश उरते. वारंवारता दुप्पट केली तर घट १०० डेसिबल होईल आणि काही हातीच लागणार नाही. बारीक पाहायचे की खोल पाहायचे, यातला मेळ प्रत्येक तपासणीत घालावा लागतो.

ही टाळी वाजवतो तो प्रोबमधला एक विशिष्ट पदार्थ. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यावर विद्युतभार निर्माण होतो, हे १८८० साली फ्रान्समध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवले. याच्या उलटही घडते. विद्युतदाब दिला की स्फटिक आकसतो-प्रसरतो. म्हणून एकच स्फटिक आधी ध्वनी सोडतो आणि मग शांत राहून परतलेला ध्वनी ऐकतो. तोंड आणि कान एकच! पोटावर जो गार, बुळबुळीत जेल लावतात त्याचेही कारण हेच. प्रोब आणि त्वचा यांच्यात हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी जवळजवळ सगळा ध्वनी तेथूनच परत फिरतो.

जहाजाच्या कारखान्यातून दवाखान्यात

या विद्येचा प्रवास शाळेत सांगण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लाँजव्हँ यांनी क्युरींच्या स्फटिकाचा उपयोग केला. पुढे कारखान्यांत धातूच्या जाड पत्र्यांतल्या भेगा शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरला जाऊ लागला. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड येथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातले असे यंत्र वापरून हृदयाची हालचाल टिपण्याचा प्रयत्न केला आणि तो यशस्वी झाला. आजच्या 'इको' तपासणीचा हा आरंभ. हे हर्ट्झ कोण? ज्यांच्या नावाने आपण वारंवारतेचे एकक म्हणतो त्या हाइनरिश हर्ट्झ यांच्या पुतण्याचे ते चिरंजीव.

दोनच वर्षांनी ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले आणि तिथल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राने त्या तपासून पाहिल्या. द्रव भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांतला फरक पडद्यावर स्पष्ट दिसला. १९५८ साली त्यांनी, जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह, 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपले काम प्रसिद्ध केले. त्यातून गरोदरपणातील सोनोग्राफी उभी राहिली. गर्भाचे हृदय तपशिलात पाहण्याचे शास्त्र मात्र १९८० च्या सुमारास आकाराला आले. लंडनमध्ये लिंडसे ॲलन आणि अमेरिकेत चार्ल्स क्लाइनमन हे त्यातले अग्रणी. या मधल्या काळात अडचण काय होती?

धडधडणारे चित्र

अडचण वेगाची होती. गर्भाचे हृदय मिनिटाला साधारण ११० ते १६० वेळा धडधडते. १४० धरले, तर एका ठोक्याला लागतात सुमारे ०.४३ सेकंद. एवढ्यात झडपा उघडून मिटतातही. त्याचे चित्र घ्यायचे तर ते फार झटपट घ्यायला हवे.

आता आपले कड्याचे गणित पुन्हा मांडू. हृदय पोटाच्या पृष्ठभागापासून साधारण १० सेंटिमीटर आत आहे असे समजू. ध्वनीला जाऊन-येऊन २० सेंटिमीटर, म्हणजे ०.२ मीटर जायचे आहे. ०.२ भागिले १५४० म्हणजे सेकंदाचे सुमारे १३० दशलक्षांश. एका टाळीतून चित्राची एक रेषा मिळते. १०० रेषांचे एक चित्र हवे असेल तर लागतील १३ हजारांश सेकंद. म्हणजे सेकंदाला सुमारे ७७ चित्रे आणि एका ठोक्यात ३३. हालचाल नीट दिसायला एवढी पुरतात. पण बाळाचे सगळे शरीर एकदम दिसावे म्हणून पंखा रुंद केला आणि २०० रेषा घेतल्या, तर चित्रे निम्मी होतात आणि झडप पुसट दिसू लागते.

म्हणून हृदय तपासताना डॉक्टर पडद्यावरचा पंखा मुद्दाम अरुंद करतात आणि हृदयाएवढाच भाग मोठा करून पाहतात. आधुनिक यंत्रे एका स्पंदातून अनेक रेषा मिळवतात, त्यामुळे वेग खूप वाढला आहे. पण ध्वनीचा वेग ही निसर्गाने घातलेली मर्यादा कोणत्याही यंत्राला ओलांडता येत नाही.

दोन पंप, पण शेजारी शेजारी

पुस्तकात आपण हृदयाचे जे चित्र काढतो ते जन्मलेल्या माणसाचे. उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू शुद्ध रक्त सर्व शरीराला. दोन्ही पंप एकामागून एक जोडलेले.

गर्भाला श्वास नसतो. त्याला प्राणवायू मिळतो वारेतून, नाळेवाटे. फुप्फुसे द्रवाने भरलेली आणि आकसलेली असतात. त्यांच्याकडे हृदयाने पंप केलेल्या रक्ताचा जेमतेम दहावा ते पाचवा हिस्सा जातो. बाकीचे रक्त दोन आडवाटांनी फुप्फुसांना टाळते. पहिली आडवाट म्हणजे दोन अलिंदांच्या मधल्या पडद्यातले अंडाकृती छिद्र. दुसरी म्हणजे फुप्फुस धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नळी. तिला आपण जोडनळी म्हणू. या आडवाटांमुळे गर्भाचे दोन पंप एकामागून एक न राहता शेजारी शेजारी काम करतात. एक कमकुवत असला तर दुसरा त्याचे काम उचलतो.

याचा परिणाम मोठा विलक्षण आहे. हृदयाची रचना फार बिघडलेली असली तरी बरीच बाळे पोटात उत्तम वाढतात. वजन चांगले, हालचाल चांगली, आईला काही त्रास नाही. बिघाड उघडा पडतो तो जन्मानंतर. पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसे फुलतात, अंडाकृती छिद्रावरची झडप मिटते, आणि जोडनळी साधारण एक ते तीन दिवसांत आकसून बंद होते. निरोगी बाळाला त्या नळीची गरज उरलेली नसते. पण ज्याचे जगणेच त्या नळीवर अवलंबून आहे, त्याचे काय?

माझ्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. निरोगी हृदयात डाव्या निलयातून महाधमनी निघते, उजव्यातून फुप्फुस धमनी, आणि निघताना त्या एकमेकींना ओलांडून जातात. तिच्या बाळाच्या हृदयात या दोघींची अदलाबदल झाली होती. अशा वेळी त्या समांतर निघतात. मग शरीरातून आलेले रक्त परत शरीरातच जाते, आणि फुप्फुसातून आलेले परत फुप्फुसात. दोन स्वतंत्र फेऱ्या! पोटात असताना आडवाटांतून रक्त मिसळत राहते, म्हणून काही बिघडत नाही. जन्मानंतर आडवाटा मिटू लागल्या की बाळ निळे पडते, आणि उपचारांविना पहिले काही तास-दिवसच निर्णायक ठरतात.

डॉक्टर नेमके काय पाहतात

गर्भाचे हृदय फार लवकर सुरू होते. गर्भधारणेनंतर सुमारे २२ व्या दिवशी त्याची पहिली हालचाल होते आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्याची मुख्य रचना पूर्ण झालेली असते. पण तेव्हा ते तपशिलात पाहण्याइतके मोठे नसते. म्हणून हृदयाची तपासणी सहसा १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान करतात. (हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले.) त्याआधी, ११ ते १४ आठवड्यांच्या तपासणीत बाळाच्या मानेमागची द्रवाची जाडी मोजतात. ती ३.५ मिलिमीटर किंवा अधिक असली, तर पुढे हृदय बारकाईने पाहावे अशी ती सूचना समजतात.

सोनोग्राफीत पूर्ण हृदय एकदम दिसत नाही. दिसतात त्याचे काप. भेंडी आडवी चिरली की चाकी दिसते, उभी चिरली की बियांची रांग दिसते, तसेच. डॉक्टर प्रोब हळूहळू सरकवत एकामागून एक काप पाहतात आणि मनात हृदय उभे करतात.

पहिला काप चार कप्प्यांचा. हृदय छातीत डावीकडे आहे ना? त्याने छातीचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापला आहे ना? त्याचे टोक सुमारे ४५ अंशांनी डावीकडे झुकले आहे ना? दोन अलिंदे आणि दोन निलये साधारण सारखी आहेत ना? मधले पडदे आणि झडपा मिळून अधिकचिन्हासारखा छेद दिसतो का? एवढ्या प्रश्नांनी बरेच मोठे दोष पकडता येतात. एखादा निलय फारच लहान राहिलेला असेल तर तो येथेच दिसतो.

पण धमन्यांची अदलाबदल या कापात दिसत नाही, कारण चारही कप्पे नीट असतात. त्यासाठी आणखी वर सरकून दोन्ही धमन्यांचा उगम पाहावा लागतो. त्या कुठून निघतात आणि एकमेकींना ओलांडतात का? त्याही वर एका कापात फुप्फुस धमनी, महाधमनी आणि वरची महाशीर ओळीने, मोठीकडून लहानीकडे मांडलेल्या दिसतात. हे काप पाहायला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात, आणि पाहणाऱ्याची नजर तयार असावी लागते. तालुक्याच्या त्या डॉक्टरांनी चार कप्पे बरोबर दिसल्यावर प्रोब खाली ठेवला नाही, हेच निर्णायक ठरले.

शिट्टीचा सूर आणि रक्ताचा वेग

रचना कळली तरी रक्त कुठे, किती वेगाने जाते हे कळायला हवे. ते डॉप्लर परिणामाने कळते. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढ्या सुरात आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरत्या सुरात ऐकू येते, हा आपला फलाटावरचा अनुभव. ख्रिश्चन डॉप्लर यांनी हा विचार १८४२ साली मांडला. १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बालो यांनी आगगाडीत तुतारी वाजवणारे बसवून त्याची परीक्षा घेतली.

येथे गाडीच्या जागी असतात रक्तपेशी. ३ मेगाहर्ट्झचा ध्वनी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने प्रोबकडे येणाऱ्या रक्तावर आपटून परतला, तर वारंवारतेत किती फरक पडेल? दोन गुणिले वारंवारता गुणिले रक्ताचा वेग, भागिले ध्वनीचा वेग. उत्तर येते सुमारे १९५० हर्ट्झ. गंमत पाहा, मूळ ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही, पण हा फरक अगदी ऐकू येण्याजोगा आहे! तपासणीच्या खोलीत जो 'छप-छप' आवाज ऐकू येतो तो हाच. तो यंत्राने वारंवारतेतल्या फरकातून तयार केलेला आवाज असतो.

रंगीत डॉप्लरमध्ये प्रोबकडे येणारे रक्त सहसा लाल आणि दूर जाणारे निळे दाखवतात. येथे मुलांचा हमखास गोंधळ होतो. या लाल-निळ्याचा शुद्ध-अशुद्ध रक्ताशी काही संबंध नाही. तो फक्त दिशेचा रंग आहे. आणि रक्त ध्वनीच्या रेषेला काटकोनात वाहत असेल, तर फरक शून्य येतो. वाहणारे रक्तही थांबल्यासारखे दिसते. म्हणून डॉक्टर प्रोबचा कोन बदलत राहतात.

आधी कळून काय होते?

जन्मजात हृदयदोष दर १००० जिवंत जन्मांत सुमारे ८ ते ९ बाळांना असतो. भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात, त्यावरून ही संख्या दोन लाखांच्या आसपास जाते. त्यांतले बरेच दोष किरकोळ असतात. लहान छिद्रे आपोआप बुजतात. पण काहींना पहिल्या वर्षातच, आणि थोड्यांना पहिल्या काही दिवसांतच उपचार लागतात. अशांसाठी आधी कळणे म्हणजे बाळंतपण कुठे करायचे ते ठरवता येणे.

जोडनळी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध १९७० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे. ते शिरेतून सुरू केले की जोडनळी मिटत नाही आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ मिळतो. (वेदनाशामक गोळ्यांपैकी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या शरीरातले प्रोस्टाग्लँडिनच कमी करतात. म्हणून गरोदरपणाच्या उत्तरार्धात त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पोटातच नळी आकसण्याचा धोका असतो.) अंडाकृती छिद्र फुग्याने मोठे करण्याची युक्ती विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ साली दाखवली. अदलाबदल झालेल्या धमन्या आपापल्या जागी बसवण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी १९७५ साली यशस्वी केली. आज ती जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात, आणि अनुभवी केंद्रांत त्यातली बहुतेक बाळे चांगली वाढतात.

काही उपचार पोटातच करता येतात. बाळाचे हृदय मिनिटाला २०० हून अधिक वेगाने धावत असेल, तर आईला औषध देतात. ते वारेतून बाळाला पोहोचते आणि ठोके ताळ्यावर येतात. अरुंद झडप फुग्याने रुंद करण्याचा उपचारही गर्भातच करता येतो. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये २०२३ साली गर्भातल्या द्राक्षाएवढ्या हृदयावर तो करण्यात आला.

माझ्या बहिणीचे बाळंतपण हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात झाले. जन्मानंतर तासाभरात औषध सुरू झाले आणि आठव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. तेच बाळंतपण तालुक्याला झाले असते, तर दुसऱ्या दिवशी निळे पडलेले बाळ घेऊन गाडी शोधावी लागली असती.

दोष कोणाचा?

तपासणीनंतर घरी पहिला प्रश्न माझ्या मावशीने विचारला, "ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का गं?" बहीण रडू लागली. ग्रहणाचा हृदयाशी काही संबंध नाही, हे विज्ञानाच्या शिक्षिकेला ठाऊक असते. पण अशा वेळी मन दुबळे होते.

खरी कारणे वेगळी आहेत. गरोदरपणाआधीपासून असलेला आणि ताब्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला, काही औषधे, गुणसूत्रांतील दोष, जवळच्या नात्यातले लग्न, आधीच्या मुलाला असलेला हृदयदोष यांमुळे धोका वाढतो. आईच्या रक्तातली काही प्रतिद्रव्ये बाळाच्या हृदयातील विद्युत्‌मार्गाला इजा करतात आणि ठोके मिनिटाला ५०-७० पर्यंत घसरतात. रुबेलाचा डोळ्यांशी आणि हृदयाशी संबंध ऑस्ट्रेलियाचे नॉर्मन ग्रेग यांच्या १९४१ च्या निरीक्षणांतून पुढे आला; आज लसीने तो टळतो. पण बहुतेक हृदयदोष अशा कुटुंबांत आढळतात, जिथे यांपैकी कोणतेच कारण नसते. म्हणूनच धोका असलेल्यांचीच नव्हे, तर प्रत्येक गरोदर स्त्रीच्या बाळाच्या हृदयाची तपासणी नेहमीच्या सोनोग्राफीत व्हावी, आणि शंका आल्यास पुढची विशेष तपासणी व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात.

काय दिसत नाही, आणि काय विचारायचे नाही

या तपासणीला मर्यादा आहेत. अंडाकृती छिद्र आणि जोडनळी गर्भात उघडीच असायची. त्यामुळे त्या जन्मानंतर बंद होतील की नाही, हे आधी सांगता येत नाही. पडद्यातले फार छोटे छिद्र निसटू शकते. महाधमनीचे अरुंदपण पोटात ओळखणे अवघड असते. बाळ पाठ करून बसले, बरगड्यांची सावली पडली, आईच्या पोटावर चरबी अधिक असली, तर चित्र धूसर येते. म्हणून 'सर्व ठीक' असा अहवाल म्हणजे हमी नव्हे, आणि शंका म्हणजे निदान नव्हे.

श्राव्यातीत ध्वनीत क्ष-किरणांसारखे आयनीभवन नसते. वैद्यकीय वापरात त्याचा गर्भावर अपाय सिद्ध झालेला नाही. तरीही ध्वनी ही ऊर्जा आहे आणि तिने ऊती किंचित तापतात, डॉप्लरमध्ये अधिक. म्हणून गरजेपुरताच वापर करावा, हौसेसाठी नको.

कायद्याचा भाग तर आपल्या राज्याला विशेष लागू आहे. याच यंत्राने मुलीचा गर्भ ओळखून पाडण्याचा गुन्हा आपल्याकडे घडला. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. देशाचा कायदा १९९४ साली झाला. गर्भाचे लिंग विचारणे, सांगणे, खुणेने सुचवणे, सगळेच गुन्हा आहे. म्हणून सोनोग्राफीची यंत्रे नोंदवलेली असतात आणि प्रत्येक तपासणीचा अर्ज भरावा लागतो. हे कागद पाहून वैतागू नये. त्यामागे जन्मालाच न आलेल्या असंख्य मुली आहेत.

दुसरा प्रश्न याहून अवघड. दोष फार गंभीर असला तर पुढे काय? २००८ साली मुंबई उच्च न्यायालयात एका दांपत्याने गर्भाच्या हृदयातील गंभीर दोषामुळे गर्भपाताची परवानगी मागितली. तेव्हाची २० आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली. त्या प्रकरणाने देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर विकृती असल्याचे ठरवल्यास ही कालमर्यादा लागू होत नाही. तरी निर्णय आईवडिलांचा, आणि तो घेताना त्यांना हवी असते घाई न करता दिलेली पूर्ण माहिती. बरे होण्याजोगा दोष आहे की नाही, हे बालहृदयरोगतज्ज्ञांकडून समजून घेण्याआधी कोणीच सल्ला देऊ नये. नातेवाइकांनी तर नाहीच.

वर्गात

प्रतिध्वनीचा धडा शिकवताना कड्याच्या गणिताशेजारी हेही गणित फळ्यावर मांडावे: प्रतिध्वनी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात परत आला, वेग १५४० मीटर, तर हृदय किती खोल? उत्तर ७.७ सेंटिमीटर. मातीचे हृदय करून मुलांना दोऱ्याने त्याचे काप करू द्यावेत आणि प्रत्येक काप कोणत्या पातळीवरचा ते ओळखायला सांगावे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्याच हातात आहे. पोटात न सापडलेले दोष पुढे शाळेत सापडू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरला झाली. त्याचे पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुले तपासते, आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहे. खेळताना इतरांआधी दमणारे, वारंवार छातीच्या संसर्गाने आजारी पडणारे, ओठ-नखे निळसर दिसणारे, वजन न वाढणारे मूल आपल्याला रोज दिसत असते. ते मूल त्या दिवशी गैरहजर असेल, तर पालकांना निरोप पाठवून त्याला पुन्हा पथकापुढे उभे करावे.

माझ्या बहिणीचा मुलगा आता बालवाडीत जातो. छातीवर एक उभी रेघ आहे. ती कसली, असे मुलांनी विचारले की तो सांगतो, "माझ्या नळ्या सरळ होत्या, डॉक्टरांनी त्यांची फुली केली."